अंधारात बसलेला मेंदू

डावा डोळा मिटा. दोन्ही हात समोर ताठ करा, दोन्ही अंगठे शेजारीशेजारी उभे धरा आणि उजव्या डोळ्यानं डाव्या अंगठ्याच्या टोकाकडे टक लावून पाहा. आता नजर तिथून न हलवता उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे सरकवत न्या. वीतभर अंतर पडायच्या आतच त्या अंगठ्याचं टोक नाहीसं होईल. आणखी थोडा पुढे नेलात की ते परत दिसू लागेल. नजर चुकून उजवीकडे वळली तर गंमत फसते, म्हणून दोन-तीनदा करून पाहा.

अंगठा जिथे हरवतो त्या जागेला अंधबिंदू म्हणतात. डोळ्याच्या आतल्या दृष्टिपटलावरून दहा लाखांहून जास्त चेतातंतू निघतात आणि एका ठिकाणी गोळा होऊन डोळ्याबाहेर पडतात. नेमक्या त्या ठिकाणी प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. एदम मारियॉत या फ्रेंच शास्त्रज्ञानं १६६०च्या दशकात ही जागा शोधून काढली. आपल्या डोळ्यात हे तंतू दृष्टिपटलाच्या पुढच्या बाजूनं धावतात, त्यामुळे बाहेर पडायला त्यांना पटलातूनच वाट काढावी लागते. ऑक्टोपसच्या डोळ्यात ते मागच्या बाजूनं निघतात, म्हणून त्याला अंधबिंदू नाही. आपला अंधबिंदू काही बारीकसा ठिपका नव्हे. आकाशात पौर्णिमेचे आठ-दहा चंद्र एका ओळीत मावतील एवढी त्याची रुंदी असते. अशी दोन भोकं घेऊन आपण जन्मभर वावरतो. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो हे खरं, पण एक डोळा मिटल्यावरही समोर काळं भोक दिसत नाही.

मला खरं नवल वाटतं ते इथे. अंगठा नाहीसा झाला तेव्हा त्याच्या जागी तुम्हाला काय दिसलं? मागची भिंत. तिचा रंग आणि तिच्यावरचा उजेड अखंड दिसला. त्या जागेबद्दल डोळ्याकडून काहीही बातमी आलेली नसताना मेंदूनं आजूबाजूचं पाहून तिथे भिंत असणार असं ठरवलं आणि ती दाखवली. ‘इथे माझा अंदाज आहे’ अशी कुठलीही खूण त्यानं ठेवली नाही. अंदाजाची भिंत आणि खरी भिंत यांच्यात तुम्हाला तसूभरही फरक जाणवला नाही.

मेंदूविषयी थक्क करणाऱ्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. त्यांतल्या बऱ्याच या एका गोष्टीपाशी येऊन मिळतात: आपल्याला जे जग दिसतं, ऐकू येतं, जाणवतं, तो मेंदूनं बांधलेला अंदाज असतो.

मेंदूची परिस्थिती पाहिली तर त्याला दुसरा इलाजही नाही. तेराशे-चौदाशे ग्रॅमचा हा अवयव कवटीच्या आत पूर्ण अंधारात असतो. त्याच्यापर्यंत प्रकाश पोचत नाही, आवाज पोचत नाही, मोगऱ्याचा वास पोचत नाही. पोचतात ते चेतातंतूंतून येणारे विजेचे बारीक स्पंद. डोळ्याकडून आलेला स्पंद आणि कानाकडून आलेला स्पंद यांच्या जातीत फरक नसतो. तो मेंदूच्या कुठल्या भागात जाऊन पोचतो यावरून त्याचा उजेड होतो की आवाज, हे ठरतं. मेंदूला स्वतःचं दुखणंही कळत नाही, कारण त्याच्या ऊतींमध्ये वेदना टिपणारी यंत्रणाच नाही. म्हणून डोक्याची त्वचा बधिर करून, रुग्ण जागा असताना, त्याच्याशी गप्पा मारत मेंदूची शस्त्रक्रिया करता येते. मॉन्ट्रिअलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी गेल्या शतकात अपस्माराच्या रुग्णांवर अशाच शस्त्रक्रिया केल्या. उघड्या मेंदूला ते विजेचा अगदी हलका स्पर्श करत आणि रुग्णाला काय जाणवलं ते विचारत. कुणी म्हणे ओठांना मुंग्या आल्या, कुणी म्हणे अंगठ्याला. त्यातून मेंदूच्या पृष्ठभागावर काढलेला शरीराचा नकाशा तयार झाला. या नकाशाकडे पुढे परत यावं लागेल.

हा अवयव खर्चिकही आहे. शरीराच्या वजनात त्याचा वाटा सुमारे २ टक्के, पण आपण स्वस्थ पडून असताना शरीर जी ऊर्जा वापरतं तिच्यातली जवळपास २० टक्के एकटा मेंदू घेतो. ‘माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो’ हे वाक्य व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून अजूनही ऐकू येतं. ते साफ चुकीचं आहे. नव्वद टक्के निकामी असलेला अवयव इतकं महागडं इंधन देऊन लाखो वर्षं कुठल्याही प्राण्यानं पोसला नसता. एखादी लहानशी रक्तवाहिनी बंद पडून मेंदूचा छोटासा तुकडा गेला, तरी बोलणं, चालणं, ओळख पटणं यांतलं काहीतरी जातं, हे अर्धांगवायूचा रुग्ण ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको. आणखी एक गोष्ट अशी की, अवघड गणित सोडवायला बसलं तरी मेंदूचा एकूण खर्च फारसा वाढत नाही. वाढ जेमतेम पाच टक्क्यांच्या आत असते. म्हणजे आपण ‘काही करत नाही’ असं म्हणतो तेव्हाही आत काम चालूच असतं.

ते काम कोणतं, याचा पहिला मोठा धागा जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांना सापडला. त्यांच्या काळात चेतातंतूतला संदेश क्षणार्धात पोचतो आणि त्याचा वेग मोजणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे, असं मोठमोठे शरीरशास्त्रज्ञ मानत. खुद्द हेल्महोल्ट्झ यांच्या गुरूंचंही हेच मत होतं. १८५० साली हेल्महोल्ट्झनी बेडकाच्या पायातल्या तंतूवर प्रयोग करून तो वेग मोजला आणि तो निघाला सेकंदाला तीस मीटरच्याही आत. पळत्या चित्त्याच्या वेगाच्या आसपासच! माणसाच्या शरीरातले काही तंतू याहून बरेच वेगवान आहेत, काही मात्र माणसाच्या चालण्याइतके संथ. याचा अर्थ असा की, कवटीच्या आत पोचणारी प्रत्येक बातमी शिळी असते. डोळ्यावर प्रकाश पडल्यापासून आपल्याला काहीतरी ‘दिसलं’ असं वाटेपर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ जातो. पुढे दृष्टीचा अभ्यास करताना हेल्महोल्ट्झनी मांडलं की पाहणं म्हणजे एक प्रकारचं अनुमान आहे, आपल्या नकळत चालणारं. त्यांचं म्हणणं लोकांच्या गळी उतरायला शंभर वर्षं लागली.

शिळ्या बातमीवर जगणाऱ्याला भविष्याचा अंदाज बांधावाच लागतो. याचं सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या मैदानांवर रोज दिसतं. ताशी १४० किलोमीटर वेगानं टाकलेला चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटल्यावर जेमतेम अर्ध्या सेकंदात फलंदाजापाशी येतो. त्यातला बराचसा वेळ पाहण्यात आणि बॅट फिरवण्यातच जातो. ‘चेंडूवर शेवटपर्यंत नजर ठेव’ असं शिवाजी पार्कपासून गल्लीतल्या मैदानापर्यंत प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. मायकेल लँड आणि पीटर मॅकलिऑड या ब्रिटिश संशोधकांनी वेगवेगळ्या दर्जाच्या फलंदाजांच्या डोक्याला छोटा कॅमेरा बांधून त्यांची नजर कुठे जाते ते टिपलं आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. फलंदाज चेंडू सुटताना पाहतो, मग त्याची नजर चेंडूला सोडून थेट पुढे उडी मारते आणि चेंडू जिथे टप्पा खाणार त्या जागी जाऊन थांबते. चेंडू तिथे नंतर येतो. टप्पा पडल्यावर पुन्हा क्षणभर नजर त्याच्यासोबत जाते. चांगल्या फलंदाजाची ही उडी कच्च्या खेळाडूपेक्षा लवकर सुटते. गावसकर किंवा तेंडुलकर यांना ‘चेंडूसाठी जास्त वेळ मिळतो’ असं समालोचक म्हणत आले आहेत. घड्याळातला वेळ तर सगळ्यांना सारखाच मिळतो. वर्षानुवर्षांच्या सरावानं त्यांचा अंदाज लवकर आणि पक्का होतो, असा याचा अर्थ मी घेतो.

स्वतःच्या हालचालींचाही अंदाज मेंदू आधीच बांधून ठेवतो, आणि स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत त्या यामुळेच. दुसऱ्यानं काखेत बोट घातलं की आपण खिदळतो, तेच बोट आपलं असेल तर काही होत नाही. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वॉल्पर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस या साध्या प्रश्नाचा पाठपुरावा केला. बोटं हलवण्याचा हुकूम सुटताच त्या स्पर्शाची जाणीव कशी असेल याचं भाकीत मेंदू करतो आणि ठरल्यासारखा स्पर्श आला की त्याचा जोर कमी करून टाकतो. या संशोधकांनी एक यांत्रिक हात मध्ये घातला. माणूस एका हातानं दांडी हलवी आणि यंत्र त्याच्याच दुसऱ्या तळहातावर स्पंज फिरवी. दांडी हलवल्यापासून स्पर्श होईपर्यंत सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाचा उशीर मुद्दाम केला, की गुदगुल्या होऊ लागत. भाकीत चुकलं, म्हणून तो स्पर्श परका ठरला.

या भाकितात ज्या भागाचा मोठा वाटा आहे तो म्हणजे डोक्याच्या मागे, मोठ्या मेंदूच्या खाली दडलेलं अनुमस्तिष्क, अर्थात लहान मेंदू. तोल आणि हालचालींची सफाई सांभाळणारा एवढीच त्याची शाळेतली ओळख. सुझाना हेर्कुलानो-हौझेल या ब्राझीलच्या संशोधिकेला प्रश्न पडला की मेंदूत १०,००० कोटी चेतापेशी असतात असं सगळी पुस्तकं सांगतात, पण मोजल्या कुणी? त्यांनी मेंदूच्या ऊती विरघळवून त्यांचं एकजीव द्रावण करण्याची आणि त्यातली पेशीकेंद्रं मोजण्याची पद्धत काढली. २००९ साली उत्तर आलं: सरासरी सुमारे ८,६०० कोटी. त्यांपैकी सुमारे ६,९०० कोटी, म्हणजे जवळजवळ ८० टक्के, लहान मेंदूत होत्या. वजनात मेंदूचा दहावा हिस्सा असलेल्या भागात! विचार, भाषा, कल्पनाशक्ती यांचं घर म्हणून जिचा गौरव होतो, त्या मोठ्या मेंदूच्या सुरकुतलेल्या सालीत जेमतेम १,६०० कोटी.

अंदाज बाहेरच्या जगापुरता असता तर एक वेळ ठीक होतं, पण मेंदू स्वतःबद्दलही तसाच अंदाज बांधतो. मेंदूचे डावा आणि उजवा असे दोन अर्धगोल सुमारे २० कोटी तंतूंच्या जाड पट्ट्यानं जोडलेले असतात. कशानंही न आवरणाऱ्या अपस्माराच्या काही रुग्णांमध्ये हा पट्टा कापला जाई, म्हणजे एका बाजूला उठलेलं विजेचं वादळ दुसऱ्या बाजूला जाणार नाही. रुग्ण बरे होत, नीट वागत, बोलत. रॉजर स्पेरी आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल गझानिगा यांनी अशा रुग्णांचा बारकाईनं अभ्यास केला आणि स्पेरींना १९८१चं नोबेल त्यासाठीच मिळालं. गझानिगांनी नंतर केलेल्या एका प्रयोगात अशा रुग्णाच्या फक्त डाव्या अर्धगोलाला कोंबडीचा पंजा दिसेल आणि फक्त उजव्याला बर्फानं झाकलेलं अंगण दिसेल अशी व्यवस्था केली. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं चित्र निवडायला सांगितलं. डाव्या अर्धगोलाच्या ताब्यातल्या उजव्या हातानं कोंबडी निवडली. उजव्या अर्धगोलाच्या ताब्यातल्या डाव्या हातानं बर्फ ओढायचं फावडं निवडलं. दोन्ही बरोबर. पण बोलतो तो डावा अर्धगोल, आणि त्यानं बर्फ पाहिलेलाच नव्हता. फावडं का निवडलं असं विचारल्यावर त्या माणसानं एक क्षणही न अडखळता सांगितलं की कोंबडीचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच ना! तो थाप मारत नव्हता. डाव्या अर्धगोलानं समोर घडलेल्या गोष्टीचं पटेल असं कारण जुळवलं आणि ते त्याला स्वतःलाच खरं वाटलं. ज्यांच्या मेंदूतला पट्टा शाबूत आहे अशा आपल्यासारख्यांत हे किती वेळा होत असेल, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

शरीर कुठे संपतं, हाही अंदाजच. अमेरिकेच्या यादवी युद्धात हातपाय गमावलेले अनेक सैनिक सायलस वेअर मिचेल या डॉक्टरनं पाहिले. कापून टाकलेला हात अजून आहे, त्याची बोटं हलतात, ती दुखतात, असं ते सांगत. १८७१ साली मिचेल यांनी या भासणाऱ्या अवयवाला नाव दिलं. वेदना मात्र भासाची नसते. नसलेल्या हाताची मूठ आवळलेली असते, नखं तळव्यात रुतत असतात आणि मूठ उघडता येत नाही, असा अनुभव कित्येक जण वर्षानुवर्षं सोसतात. जखमेच्या टोकाशी दुखावलेल्या नसांमुळे हे होतं असं मानून ते टोक आणखी वर कापण्याच्या शस्त्रक्रियाही झाल्या. त्यांचा फारसा उपयोग झाला नाही.

चेन्नईच्या स्टॅनली मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि पुढे कॅलिफोर्नियात सॅन दिएगो इथे स्थिरावलेले व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात या कोड्याला हात घातला. हात गमावलेल्या एका तरुणाचे डोळे बांधून त्यांनी त्याच्या अंगाला ठिकठिकाणी कापसाच्या बोळ्यानं स्पर्श केला. गालाला स्पर्श होताच तो म्हणाला, माझ्या नसलेल्या अंगठ्याला हात लावलात. पेनफील्डच्या नकाशात चेहऱ्याची जागा हाताच्या जागेला लागून आहे. हाताकडून बातम्या येणं थांबल्यावर शेजारच्या चेहऱ्याचे संदेश त्या ओसाड जागेत शिरले असावेत, असं रामचंद्रन यांनी सुचवलं. नकाशा खरंच इतका बदलतो का, यावर आता जोरदार वाद आहे. हात जाऊन अनेक वर्षं लोटली तरी मेंदूतली हाताची जागा बरीचशी जशीच्या तशी टिकून राहते, असं अलीकडचे अभ्यास दाखवतात. मला हे दुसरं अधिक विलक्षण वाटतं. हात गेलेला असतो, पण मेंदूनं त्याची नोंद पुसलेली नसते.

उपचार रामचंद्रन यांनी शोधला तो अगदी स्वस्तातला. एका खोक्यात उभा आरसा बसवायचा. शाबूत हात आरशासमोर ठेवायचा आणि गेलेला हात जिथे असता त्या जागी त्याचं प्रतिबिंब दिसेल अशा बेतानं पाहायचं. मग शाबूत हाताची मूठ उघडायची, मिटायची. आवळलेली मूठ उघडताना डोळ्यांना दिसली की मेंदूचा जुना हट्ट काही रुग्णांत सुटतो आणि वर्षानुवर्षांची कळ थांबते. पाय गमावलेल्या अमेरिकी सैनिकांवर झालेल्या एका छोट्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात आरशाचा उपचार मिळालेल्या सगळ्यांच्या वेदना कमी झाल्या होत्या. नंतरच्या सगळ्याच चाचण्यांत इतकं लख्ख यश आलेलं नाही. तरीही औषधाच्या गोळीनं न थांबणारी वेदना डोळ्यांना दाखवलेल्या एका दृश्यानं कमी होऊ शकते, ही गोष्ट वेदनेविषयीची आपली समजूत मुळापासून हलवणारी आहे.

हा सगळा अंदाज मेंदूत जन्मतः असतो की शिकावा लागतो? आयर्लंडचे विल्यम मोलिन्यू यांनी १६८८ साली तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना एक प्रश्न पाठवला. मोलिन्यूंच्या पत्नीची दृष्टी लग्नानंतर लवकरच गेली होती, त्यामुळे तो निव्वळ बौद्धिक कुतूहलाचा नसावा. जन्मांध माणसाला हाताच्या स्पर्शानं गोळा आणि घन ओळखता येतात. त्याला अचानक दिसू लागलं तर स्पर्श न करता, नुसतं पाहून, तो गोळा कुठला आणि घन कुठला हे सांगू शकेल का? लॉक म्हणाले, नाही. तीनशे वर्षं तत्त्वज्ञांनी यावर वाद घातला. युरोप-अमेरिकेत जन्मजात मोतीबिंदू बाळपणीच काढला जातो, त्यामुळे मोठेपणी पहिल्यांदा पाहणारी माणसं तिथे आता जवळपास सापडतच नाहीत.

आपल्याकडे ती सापडली, आणि त्याचं कारण सुखाचं नाही. खेडोपाडी जन्मजात मोतीबिंदू घेऊन आलेली मुलं गरिबीमुळे, दवाखाना दूर असल्यामुळे, ‘हिच्या नशिबातच नाही’ म्हणून तशीच वाढतात. दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले आणि अमेरिकेत एमआयटीमध्ये प्राध्यापक असलेले पवन सिन्हा यांनी अशा मुलांसाठी ‘प्रोजेक्ट प्रकाश’ सुरू केला. गावोगावी तपासणी करून मुलं शोधायची, दिल्लीतल्या डॉ. श्रॉफ यांच्या धर्मादाय नेत्ररुग्णालयात त्यांची मोफत शस्त्रक्रिया करायची आणि दृष्टी आल्यावर मेंदू पाहायला कसा शिकतो याचा अभ्यास करायचा. मांजरीच्या पिलांवरच्या ज्या प्रयोगांना १९८१च्या त्याच नोबेलमधला वाटा मिळाला, त्यांवरून असं मानलं जात होतं की सुरुवातीच्या काळात दृष्टी मिळाली नाही तर मेंदू पाहण्याची क्षमता कायमची गमावतो. म्हणून सात-आठ वर्षांवरच्या मुलाची शस्त्रक्रिया करून उपयोग नाही, असं अनेक डॉक्टरही धरून चालत.

मोलिन्यूंच्या प्रश्नाचं उत्तर २०११ साली या प्रकल्पातून आलं. ८ ते १७ वर्षं वयाच्या पाच मुलांना, शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांच्या आत, खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे आकार देण्यात आले. हातानं चाचपलेला आकार हातानंच ओळखण्यात ती जवळजवळ कधीच चुकली नाहीत. डोळ्यांनी पाहिलेला डोळ्यांनी ओळखणंही त्यांना छान जमलं, याचा अर्थ त्यांना दिसत होतं. पण हातानं चाचपलेला आकार डोळ्यांनी ओळखायला सांगितला तेव्हा उत्तरं जवळपास नाणं उडवल्यासारखी, ५८ टक्के बरोबर आली. लॉक बरोबर होते. ज्या काही मुलांची थोड्याच दिवसांनी परत चाचणी घेता आली, त्यांना तोवर हे जमू लागलं होतं. कुणी शिकवलं नव्हतं. हातात घेतलेली वाटी आणि डोळ्यांसमोरची वाटी ही एकच वस्तू आहे, हे रोजच्या वावरात मेंदूनं आपलं आपण जुळवून घेतलं.

नव्यानं पाहणाऱ्याला काय दिसतं, याची कल्पना करणंच आपल्याला कठीण आहे. एकमेकांवर चढलेला चौकोन आणि वर्तुळ दाखवलं तर आपल्याला दोन आकृत्या दिसतात. या मुलांनी तीन सांगितल्या, कारण दोघांचा सामायिक तुकडा त्यांना तिसरी वस्तू वाटला. चेंडूवर पडलेली सावली आणि चेंडू यांच्यातली सीमा त्यांना वस्तूची कड वाटते. उजेड, सावली, रंग यांचे तुकडे समोर पसरलेले आहेत आणि कुठला तुकडा कुणाचा ते ठाऊक नाही, अशी ती अवस्था. मात्र चित्र हललं की चमत्कार घडतो. चौकोन सरकू लागला की त्याचे सगळे तुकडे एकत्र सरकतात आणि मुलाला चौकोन लगेच सापडतो. हलणाऱ्या गोष्टींवरून मेंदू शिकतो आणि मग ते शहाणपण स्थिर चित्रांना लावतो. एस. के. या आद्याक्षरांनी नोंदवलेल्या २९ वर्षांच्या एका तरुणाला फक्त योग्य चष्मा मिळाला होता. त्यालाही सुरुवातीला सगळे तुकडेच दिसत. दीड वर्षानं तो स्थिर चित्रांतल्या वस्तू ओळखू लागला. नजरेची तीक्ष्णता यांपैकी कुणालाच आपल्याइतकी येत नाही, लहानपणीचं नुकसान काही अंशी उरतंच. पण एकोणतिसाव्या वर्षीही मेंदू अंदाज बांधायला नव्यानं शिकतो, हे दिसल्यावर ‘आता उशीर झाला’ म्हणून मुलाला परत पाठवण्याला आधार उरत नाही. जन्मजात मोतीबिंदू असलेलं दहा-बारा वर्षांचं मूल तुमच्या माहितीत असेल, तर त्याला नेत्रतज्ज्ञाकडे नक्की न्या.

याच्या उलट टोकाची अवस्था आपल्या कित्येक घरांत आज असेल, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नसेल. मेंदू पाहायला शिकलेला आहे, सत्तर-ऐंशी वर्षं त्यानं पाहिलं आहे, आणि आता डोळ्यांकडून येणाऱ्या बातम्या आटत चालल्या आहेत. काचबिंदू आहे, दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजला आहे किंवा मधुमेहानं डोळा खाल्ला आहे. अंदाज बांधायची सवय लागलेला मेंदू गप्प बसत नाही. तो चित्रं रंगवू लागतो.

जिनिव्हाचे निसर्गअभ्यासक शार्ल बॉने यांनी १७६० साली आपल्या आजोबांची हकिगत लिहिली. शार्ल ल्युलॅं हे त्यांचं नाव, वय नव्वदीच्या आसपास, मोतीबिंदूमुळे दृष्टी जवळजवळ गेलेली, बुद्धी मात्र लख्ख. त्यांना समोर नटूनथटून आलेली माणसं दिसत, पक्षी दिसत, गाड्या आणि इमारती दिसत. माणसं निमूटपणे यायची, मोठी व्हायची, लहान व्हायची, नाहीशी व्हायची. या अवस्थेला आज बॉने यांचंच नाव आहे. ज्येष्ठांची दृष्टी बरीच अधू झाली की त्यांच्यातल्या अनेकांना असे भास होतात. जाळीदार नक्षी, फुलांची वेल, बुटकी माणसं, जुन्या वेशभूषेतली मिरवणूक, अनोळखी चेहरे. आवाज मात्र कधी येत नाही, आणि पाहणाऱ्याला बहुधा ठाऊक असतं की हे खरं नाही. १९९०च्या दशकात लंडनमध्ये अशा रुग्णांच्या मेंदूचे स्कॅन घेतले गेले. रंगीत भास होत असताना रंग ओळखणारा भाग जागा होता, चेहरे दिसताना चेहरे ओळखणारा. खरोखर काही पाहताना जे भाग काम करतात, तेच.

हे वेड नव्हे आणि विसरभोळेपणाच्या आजाराची ही सुरुवातच असेल असंही नव्हे. बाहेरची बाधा तर नव्हेच. तरीही आपल्याकडे ओसरीवर बसलेली आजी ‘अंगणात पोरं कुणाची रे?’ असं एकदा विचारते, घरातले एकमेकांकडे पाहतात, आणि त्यानंतर ती पुन्हा कधी विचारत नाही. कुणी देवऋष्याकडे नेतं, कुणी झोपेची गोळी आणतं. बहुतेक वृद्ध, लोक आपल्याला भ्रमिष्ट ठरवतील या भीतीनं, हे भास मनातच ठेवतात. डोळ्यांच्या डॉक्टरला सांगावं असं त्यांना सुचत नाही आणि डॉक्टरही आपणहून विचारतोच असं नाही. दृष्टी कमी झालेल्या घरातल्या माणसाला ‘कधी नसलेलं काही दिसतं का?’ असं सहज, धीर देत विचारावं. दिसत असेल तर नेत्रतज्ज्ञाला सांगावं. आवाजही ऐकू येत असतील, वागण्यात फरक पडला असेल किंवा हे खरं नाही हे त्यांना पटत नसेल, तर मेंदूविकारतज्ज्ञाची किंवा मनोविकारतज्ज्ञाची तपासणी हवी, कारण मग कारण वेगळं असू शकतं. अनेकांचे भास काही महिन्यांत किंवा एक-दोन वर्षांत विरळ होत जातात. तोवर काही साध्या युक्त्यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो. खोलीत दिवा लावावा, जागेवरून उठावं, डोळ्यांची उघडझाप करावी, किंवा डोकं स्थिर ठेवून नजर डावीकडून उजवीकडे काही वेळा फिरवावी. भास मोडतो. आणि आपल्याला जे दिसतं त्याला नाव आहे, ते इतरांनाही दिसतं, एवढं कळल्यावरच पुष्कळांची निम्मी भीती जाते.

ल्युलॅं आजोबांना भीती वाटली नाही. आपले डोळे अधू आहेत आणि ही माणसं खरी नाहीत हे ते जाणून होते. त्यांचं येणं-जाणं ते करमणूक म्हणून पाहत आणि नातवाला सविस्तर सांगत. नातवानं ते थट्टेवारी न नेता लिहून काढलं, म्हणून आज ते आपल्याला वाचायला मिळतं.